आइसलंडच्या विग्दिसबाई

२९ जून १९८० रोजी आइसलंडमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. उमेदवार चार होते. तीन पुरुष आणि एक बाई. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिले. मोजणी संपली तेव्हा विग्दिस फिनबोगादोत्तिर यांना ३३.८ टक्के मते पडली होती आणि दुसऱ्या क्रमांकावरचे गुद्लौगुर थोर्वाल्दसन ३२.३ टक्क्यांवर थांबले होते. दोघांमधले अंतर दोन हजार मतांहूनही कमी. तिथल्या नियमाप्रमाणे ज्याला सर्वाधिक मते पडतील तो निवडून येतो, दुसरी फेरी होत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांच्या, घटस्फोटित, दत्तक मुलीला एकटीने वाढवणाऱ्या, एका नाट्यसंस्थेच्या संचालिका देशाच्या प्रमुख झाल्या, आणि त्याही तीनांपैकी दोन मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलेले असताना.

एखाद्या बाईला थेट जनतेने मतपेटीतून राष्ट्रप्रमुख म्हणून निवडून देण्याची जगाच्या इतिहासातली ही पहिली वेळ. हे विधान जपून करावे लागते. श्रीलंकेत सिरिमावो बंदरनायके १९६० मध्ये, आपल्याकडे इंदिरा गांधी १९६६ मध्ये आणि इस्रायलमध्ये गोल्डा मायर १९६९ मध्ये पंतप्रधान झाल्या होत्या. पण पंतप्रधान हा सरकारचा प्रमुख असतो. अर्जेंटिनात इसाबेल पेरॉन १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्या पतीच्या निधनानंतर उपाध्यक्षपदावरून. बोलिव्हियात लिदिया गेलर यांना १९७९ मध्ये संसदेने हंगामी अध्यक्ष नेमले. राण्या तर जगभर पुष्कळ होऊन गेल्या. विग्दिसबाईंच्या मागे मात्र घराणे नव्हते, पक्ष नव्हता, आणि नवराही नव्हता.

त्यांचे हे चरित्र मराठी वाचकांपुढे ठेवताना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्याबद्दल जे लिहिले त्यातले बहुतेक त्या विजयाच्या रात्रीशीच थांबते. मला त्यानंतरची सोळा वर्षे जास्त मोलाची वाटतात. ज्या पदाला अधिकार जवळजवळ नाहीत अशा पदावर बसून माणूस काय करू शकतो, आणि कुठे त्याचे हात बांधलेले राहतात, हे त्या सोळा वर्षांत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल. राष्ट्रपतिपद म्हणजे काय हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती भवनात गेल्या तेव्हा महाराष्ट्रात आनंद झाला, आणि त्याबरोबर ‘पण या पदाला अधिकार काय?’ ही चर्चाही घरोघर झाली. फरक एवढाच की आपल्या राष्ट्रपतींना खासदार-आमदार निवडतात, आइसलंडच्या अध्यक्षाला रस्त्यावरचा माणूस निवडतो. म्हणूनच तो माणूस अध्यक्षाकडून अपेक्षाही जास्त ठेवतो.

आधी देशाविषयी थोडे. उत्तर अटलांटिकमधले हे बेट आकाराने महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आहे आणि १९८० मध्ये तिथली लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास होती. आपल्याकडे एवढी वस्ती मध्यम आकाराच्या शहरात सहज मावते. अल्थिंग ही त्यांची लोकसभा इ.स. ९३० मध्ये थिंगवेलिरच्या माळावर सुरू झाली. पुढे देश नॉर्वेच्या आणि मग डेन्मार्कच्या राजाखाली गेला, तो १७ जून १९४४ रोजी प्रजासत्ताक झाला. तिथे आडनावे जवळजवळ नाहीत. फिनबोगादोत्तिर म्हणजे फिनबोगींची मुलगी, इतकेच. टेलिफोनच्या डिरेक्टरीतही नावे पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असत, आणि देशाच्या अध्यक्षालाही लोक पहिल्या नावानेच ओळखतात. या पुस्तकात त्यांचा उल्लेख सर्वत्र ‘विग्दिस’ किंवा ‘विग्दिसबाई’ असा आला आहे, तो या रिवाजाला धरून.

१५ एप्रिल १९३० रोजी रेक्याविकमध्ये त्यांचा जन्म झाला. त्याच वर्षी अल्थिंगला हजार वर्षे झाल्याचा मोठा उत्सव थिंगवेलिरला भरला होता. वडील स्थापत्य अभियंता आणि विद्यापीठात प्राध्यापक. आई सिग्रिदुर एरिक्सदोत्तिर परिचारिका होत्या आणि परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या कित्येक दशके अध्यक्ष होत्या. घरात बाईने सभा चालवायच्या, सरकारला पत्रे लिहायची, पगारासाठी भांडायचे, हे या मुलीने बालपणापासून पाहिले. आईचा हा वारसा मला फार महत्त्वाचा वाटतो. विग्दिसबाई एकाएकी उगवल्या असे जे चित्र परदेशी लेखनात रंगवले जाते, ते त्यामुळे टिकत नाही. दहा वर्षांच्या असताना त्यांनी ब्रिटिश फौजा आपल्या गावात उतरलेल्या पाहिल्या, आणि चौदाव्या वर्षी देश स्वतंत्र प्रजासत्ताक झालेला पाहिला. विशीत असताना धाकटा भाऊ पाण्यात बुडून गेला. या दुःखाबद्दल त्या पुढे आयुष्यभर बोलत राहिल्या.

१९४९ मध्ये त्या फ्रान्सला गेल्या. आधी ग्रेनोबल, मग पॅरिसचे सोर्बोन. फ्रेंच साहित्य आणि नाटक हा अभ्यासाचा विषय. पुढे कोपनहेगनला रंगभूमीच्या इतिहासाचा अभ्यास झाला. १९५४ मध्ये लग्न झाले, ते साठीच्या दशकाच्या आरंभी मोडले. मग नोकरी. रेक्याविकच्या शाळा-महाविद्यालयांत त्यांनी फ्रेंच शिकवले, आणि दूरदर्शन आल्यावर तिथेही फ्रेंचचे धडे दिले. या कार्यक्रमामुळे त्या देशभर घराघरांत पोचल्या. उन्हाळ्यात त्या परदेशी पाहुण्यांना देश दाखवत हिंडायच्या. १९८० च्या प्रचारात पुढे जे वक्तृत्व लोकांना जाणवले, ते या वर्गांत आणि या बसप्रवासांत घडलेले आहे असे माझे मत आहे. स्वतःच्या देशाचा प्रत्येक डोंगर अनोळखी माणसाला वर्षानुवर्षे समजावून सांगावा लागला, की त्या देशाबद्दल पोकळ बोलणे आपोआप कमी होते.

आणि नाटक. रेक्याविक नाट्यमंडळ १८९७ सालचे, हौशी मंडळींनी उभे केलेले आणि लोकांच्या जिवावर चाललेले. प्रायोगिक नाटकांसाठी ‘ग्रिमा’ नावाचा जो गट निघाला त्यात विग्दिसबाई होत्या, आणि १९७२ पासून १९८० पर्यंत त्या नाट्यमंडळाच्या संचालिका होत्या. नाटक कंपनी चालवणे म्हणजे काय असते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पैसे नेहमी कमी, नट रुसलेले, तालमीला जागा नाही, आणि पडदा मात्र ठरल्या वेळी वर गेलाच पाहिजे. त्याच १९७२ साली त्यांनी एक मुलगी दत्तक घेतली. आइसलंडमध्ये एकट्या बाईला मूल दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, ती प्रथम त्यांना.

राजकीय पक्षात त्या कधी नव्हत्या, पण राजकारणापासून लांबही नव्हत्या. केफ्लाविकच्या अमेरिकन लष्करी तळाविरुद्ध जे मोर्चे निघायचे त्यांत त्या चालल्या होत्या. प्रचारात ही गोष्ट त्यांच्याविरुद्ध वापरली गेली.

आता २४ ऑक्टोबर १९७५ विषयी, कारण त्या दिवसाशिवाय १९८० कळत नाही. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष महिला वर्ष म्हणून जाहीर केले होते. आइसलंडच्या बायकांनी ठरवले की एक दिवस काहीच काम करायचे नाही. कचेरीत नाही, कारखान्यात नाही आणि घरातही नाही. ‘संप’ म्हटले असते तर कित्येकींना भीती वाटली असती, नोकरीही गेली असती. म्हणून त्याला ‘रजा’ म्हटले गेले, आणि डाव्या-उजव्या सगळ्या संघटना एकत्र आल्या. देशातल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी त्या दिवशी हात बांधून घेतले. शाळा, बँका, मासळीचे कारखाने थंड पडले. बापांनी मुले बरोबर घेऊन कचेऱ्या गाठल्या. चटकन शिजणारे सॉसेज दुकानांतून संपून गेले. रेक्याविकच्या चौकात पंचवीस हजारांच्या आसपास बायका जमल्या. एवढ्या चिमुकल्या देशात हा आकडा किती मोठा आहे याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. विग्दिसबाई नाटकाची तालीम थांबवून, आईला आणि तीन वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन त्या गर्दीत उभ्या होत्या. त्यांनी स्वतः वारंवार सांगितले आहे की तो दिवस उजाडला नसता तर आपण अध्यक्ष झालो नसतो. हे विधान विनयापोटी केलेले नाही. १९८० मध्येही साठ सदस्यांच्या अल्थिंगमध्ये बायका तीनच होत्या. म्हणजे पक्षांच्या वाटेने कुणी वर येईल अशी सोय नव्हती. वाट रस्त्यावरूनच निघाली.

अध्यक्ष क्रिस्तयान एल्द्यार्न यांनी पुन्हा उभे न राहण्याचे ठरवल्यावर लोक बाईचे नाव शोधू लागले. विग्दिसबाई नाही म्हणत होत्या. मग समुद्रावरच्या एका मासेमारी जहाजावरून तार आली. सगळ्या खलाशांनी मिळून पाठवलेली, तुम्ही उभ्या राहा म्हणून. महिनोन्‌महिने घराबाहेर राहणाऱ्या त्या पुरुषांना किनाऱ्यावरचे घर, पैसा आणि व्यवहार बायकाच सांभाळतात हे पुरते ठाऊक होते. उमेदवारीचा निर्णय झाला त्यात या तारेचा वाटा मोठा होता.

प्रचारात काय काय विचारले गेले याची यादी वाचताना चीड येते. नवरा नाही, मग अध्यक्षीय निवासात पाहुण्यांचे स्वागत कोण करणार? काही वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन एक स्तन काढावा लागला होता. एका सभेत त्यावरूनही प्रश्न आला. राष्ट्राला अंगावर पाजण्याचा माझा विचार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, आणि ते देशभर गेले. या उत्तरातल्या हजरजबाबीपणाचे कौतुक सगळे करतात. मला त्यात जास्त मोठी वाटते ती उघडपणाची हिंमत. त्या काळात कर्करोगाचे नाव घरातसुद्धा दबक्या आवाजात घेतले जाई. आपल्याकडे आजही घेतले जाते. देशाचे सर्वोच्च पद मागायला निघालेल्या बाईने आपल्या शरीराबद्दल लपवाछपवी केली नाही, आणि लोकांनी तिला निवडून दिले.

१ ऑगस्ट १९८० रोजी त्यांनी कार्यभार घेतला. १९८४ मध्ये विरोधात कुणी उभे राहिले नाही. १९८८ मध्ये सिग्रुन थोर्स्तेन्सदोत्तिर या दुसऱ्या एका बाई उभ्या राहिल्या, तेव्हा विग्दिसबाईंना नव्वद टक्क्यांहून जास्त मते मिळाली. १९९२ मध्ये पुन्हा बिनविरोध. १९९६ मध्ये त्या स्वतःहून बाजूला झाल्या. तीनांपैकी एका मतावर आलेल्या व्यक्तीने आठ वर्षांत दहांपैकी नऊ मते मिळवावीत, हे कशामुळे झाले?

त्याचे उत्तर भाषा, झाडे आणि फिरणे यांत आहे. अध्यक्षाने निर्णय घ्यायचे नसतील तर बोलायचे तरी असतेच, आणि कशावर बोलायचे हे विग्दिसबाईंनी स्वतः ठरवले. आइसलंडिक भाषा बोलणारे तेव्हा अडीच लाखही नव्हते. मध्ययुगातल्या ‘सागा’ कथा तिथली माणसे थोड्या सवयीने अजूनही वाचू शकतात, पण इंग्रजी चित्रपट, गाणी आणि दूरदर्शन यांच्यापुढे मुलांच्या तोंडी ही भाषा किती दिवस राहील ही काळजी खरी होती. त्या जिथे जात तिथे भाषेवर बोलत, आणि परकीय भाषांचा द्वेष न करता बोलत. स्वतः फ्रेंच, डॅनिश, इंग्रजी उत्तम बोलणारी बाई आपल्या भाषेचा आग्रह धरते, तेव्हा ते ऐकले जाते. मराठीच्या काळजीने बोलणाऱ्या आपल्या मंडळींनी हा भाग मन लावून वाचावा. दुसऱ्या भाषेला शिव्या न देता स्वतःच्या भाषेसाठी सोळा वर्षे कसे बोलता येते, याचा तो पाठच आहे.

झाडांची गोष्ट तशीच. हजारेक वर्षांपूर्वी माणूस बेटावर वस्तीला आला तेव्हा बर्चची राने मोठ्या भागावर होती. तोड आणि मेंढ्यांची चराई यांनी ती जवळजवळ संपली, माती वाऱ्यावर उडू लागली. विग्दिसबाई गावोगावी जात आणि तीन रोपे लावत: एक मुलींसाठी, एक मुलांसाठी आणि एक अजून न जन्मलेल्यांसाठी. त्यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने शाळकरी मुलांना रोपे मिळावीत म्हणून निधी उभा राहिला आणि त्यातून आजवर मुलांच्या कित्येक पिढ्यांनी झाडे लावली आहेत. मंत्र्यांनी झाड लावून फोटो काढण्याची सवय आपल्याला असल्यामुळे हे वाचताना मनात शंका येईल. पण एकच काम सोळा वर्षे, पाऊस असो की वारा, त्याच श्रद्धेने केले जाते तेव्हा लोक त्याला समारंभ म्हणत नाहीत.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव रेक्याविकमधल्या होफ्दी या पांढऱ्या लाकडी घरात भेटले. यजमान देशाच्या प्रमुख म्हणून विग्दिसबाई जगभरच्या कॅमेऱ्यांपुढे होत्या. वाटाघाटींत त्यांचा भाग नव्हता, आणि तसा तो असल्याचे भासवणारे लेखन चुकीचे आहे. १९९५ मध्ये सुदाविक आणि फ्लातेरी या दोन खेड्यांवर हिमकडे कोसळले आणि मिळून ३४ माणसे गेली, त्या वर्षी मात्र त्यांचे पद खऱ्या अर्थाने कामी आले. शोकात असलेल्या देशाला कुणीतरी एक माणूस समोर लागतो, आणि तो विग्दिसबाईंच्या रूपाने होता.

आता ज्या दोन प्रसंगांवर या चरित्राचा कस लागतो, त्यांविषयी. पहिला १९८५ चा. हवाई सुंदरींचा संप चालू होता आणि अल्थिंगने तो मोडण्याचा कायदा केला. कायद्यावर अध्यक्षांची सही हवी होती, आणि कागद त्यांच्यापुढे आला तो २४ ऑक्टोबरला, महिला रजेच्या दहाव्या वर्धापनदिनी. बायकांच्या संपाविरुद्धचा कायदा, बायकांच्या संपातून निवडून आलेल्या अध्यक्षांपुढे, नेमक्या त्याच दिवशी. त्यांनी वेळ मागितला. मंत्रिमंडळात खळबळ उडाली, राजीनाम्याची भाषा झाली. काही तास सही अडली, आणि मग त्यांनी केली. स्त्री चळवळीतल्या कित्येकींना तो घाव वाटला.

दुसरा प्रसंग जानेवारी १९९३ चा. युरोपीय आर्थिक क्षेत्रात सामील होण्याचा करार अल्थिंगने मंजूर केला. यावर सार्वमत घ्या अशी मागणी करणाऱ्या तीस हजारांहून अधिक लोकांच्या सह्या अध्यक्षांकडे आल्या. आइसलंडच्या घटनेचे सव्विसावे कलम सांगते की अध्यक्षाने कायद्यावर सही नाकारली तर तो जनतेच्या मताला टाकावा लागतो. तोवर कुठल्याही अध्यक्षाने हे कलम वापरले नव्हते. विग्दिसबाईंनीही वापरले नाही. लोकनियुक्त संसदेने घेतलेल्या निर्णयाच्या आड आपण येऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. १९८८ मध्ये त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईंचा मुद्दा नेमका हाच होता, की अध्यक्षाने हा अधिकार वापरला पाहिजे. पुढे २००४ मध्ये त्यांच्यानंतरचे अध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रिम्सन यांनी तो प्रथमच वापरला, आणि २०१० व २०११ मध्ये बुडालेल्या बँकेच्या परदेशी ठेवीदारांची भरपाई देशाने करावी की नाही यावर दोनदा. दोन्ही वेळा जनतेने ‘नाही’ म्हटले.

म्हणजे ते कलम मृत नव्हते, विग्दिसबाईंनी ते निजलेले ठेवले. मला स्वतःला १९८५ ची सही समजू शकते. एकट्या अध्यक्षाने सरकार पाडण्यापर्यंत जाणे त्या वेळी शक्यही नव्हते आणि योग्यही नव्हते. १९९३ बद्दल मी तितके सहज म्हणू शकत नाही. इतक्या छोट्या देशात तीस हजार माणसे सही करून दाराशी आली असतील, तर त्यांना एकदा मतपेटीपर्यंत जाऊ द्यायला हवे होते. त्यांच्याबद्दलचा माझा आदर यामुळे कमी होत नाही. आपल्याकडे थोर बायकांची चरित्रे पूजेच्या थाटात लिहिली जातात आणि मग ती कुणी वाचत नाही. या चरित्राच्या लेखिकेने दोन्ही प्रसंग आडपडदा न ठेवता, दोन्ही बाजू देऊन मांडले आहेत, आणि या पुस्तकावर विश्वास ठेवायला मला तेवढे कारण पुरते.

पद सोडल्यानंतरही काम थांबले नाही. १९९६ मध्ये जगातल्या स्त्री राष्ट्रप्रमुखांची आणि पंतप्रधानांची परिषद स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. १९९८ मध्ये युनेस्कोने त्यांना भाषांसाठी सदिच्छा दूत नेमले. आइसलंड विद्यापीठातल्या परकीय भाषांच्या संस्थेला त्यांचे नाव आहे, आणि २०१७ मध्ये तिची नवी वास्तू उभी राहिली. आयुष्याची सुरुवात फ्रेंच शिकवण्याने करणाऱ्या बाईंना याहून मोठे स्मारक नको असावे.

परिणाम कुठे दिसले? १९८३ मध्ये ‘महिलांची यादी’ या बायकांच्या गटाने स्वतंत्र पक्ष म्हणून निवडणूक लढवली आणि अल्थिंगमधल्या बायका तीनावरून नऊवर गेल्या. २००९ मध्ये योहाना सिगुर्दार्दोत्तिर पंतप्रधान झाल्या. अध्यक्षपदावर दुसरी बाई यायला मात्र तब्बल २८ वर्षे जावी लागली. हाला तोमास्दोत्तिर १ ऑगस्ट २०२४ रोजी त्या पदावर आल्या. ‘एकदा दार उघडले की झाले’ असे मानणाऱ्यांनी हे अंतर लक्षात ठेवावे.

विग्दिसबाईंच्या काळात वाढलेली आइसलंडची मुले ‘पुरुष अध्यक्ष होऊ शकतो का?’ असे विचारत, ही गोष्ट तिथे नेहमी सांगितली जाते. सोळा वर्षे म्हणजे एका मुलाचे सगळे बालपण. त्या मुलांनी दुसरा अध्यक्ष पाहिलाच नव्हता. म्हणून माझी वाचकांना विनंती आहे की हे पुस्तक स्वतः वाचून झाल्यावर कपाटात ठेवू नका. घरातल्या, शेजारच्या, शाळेतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला द्या आणि तिच्या भावालाही द्या. १९८५ आणि १९९३ ची प्रकरणे त्यांनी वाचली की त्यांच्याशी वाद घाला. त्यांचे मत तुमच्यापेक्षा, आणि कदाचित माझ्यापेक्षाही, वेगळे पडेल. ते ऐकून घ्या.